चपलेतलं मंगळसूत्र

आमच्याकडे पाहुणे आले, जेवणं आटोपली, की एक गोष्ट हमखास निघते. सांगणारी मीच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची ती गोष्ट. सार एवढंच, की माझ्या नवऱ्याने मला वाचवायला विहिरीत उडी टाकली आणि मीच त्याला धरून बाहेर काढलं. मी ती मीठमसाला लावून सांगते. नवरा शेजारी बसून पाहुण्यांसाठी मोसंबी सोलत असतो आणि त्याच्या वाट्याची दोन वाक्यं बरोबर वेळेवर टाकतो. इतक्या वर्षांत आमची ती जोडी चांगली जमली आहे.

माझं माहेर तीर्थपुरीच्या पलीकडे, गोदावरीच्या अंगाला. आजोबांची मेंढरं होती. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, नाहीतर लोकरीतल्या मातीने कातरीची धार जाते. त्या दिवशी सगळा कळप नदीच्या डोहातून या काठाकडून त्या काठाला पोहवत नेत. मोठी माणसं मेंढरांना पाण्यात रेटायची आणि आम्ही पोरं कडेने पोहायचो, एखादं भरकटलं तर त्याला वळवायला. मला पोहायला असं कुणी शिकवलं नाही. मेंढरांसोबत जाता जाता ते आलं, आणि आलं तेही तसंच आलं. डोकं कायम पाण्याच्या वर, आणि थोडं पुढं गेलं की मान वळवून बघायचं, मागं कुणी राहिलं तर नाही ना.

त्या डोहात आजीने दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या होत्या. बुडणाऱ्याला समोरून धरायचं नाही, मागून मानेला धरायचं, मग ते मेंढरू असो की माणूस. आणि पाण्यात उतरताना गळ्यात काही ठेवायचं नाही, घाबरलेल्या मेंढराचा पाय त्यात अडकतो. आजी स्वतः गळ्यातलं काढून चपलेत ठेवायची आणि चप्पल काठावर.

सासर मिळालं बदनापूरजवळ. तिथे नदी नाही की तळं नाही. पाणी म्हणजे मोसंबीच्या मळ्यातली दगडी पायऱ्यांची विहीर. नवरा आईला एकुलता एक, म्हणून तिने त्याला लहानपणी पाण्याजवळ फिरकूसुद्धा दिलं नव्हतं. त्याला पोहता येत नाही हे मला लग्नानंतर कळलं तेव्हा मी दिवसभर हसत होते.

त्या दिवशी सकाळी माझ्या हातून दूध उतू गेलं. सासूबाई बोलल्या. मी तोंडाळ, मीही उलटून बोलले. मग रागारागातच भाकरी बांधून मळ्यात गेले. नवरा जेवला आणि झाडाखाली आडवा झाला. वैशाखाचं ऊन होतं आणि विहिरीला पाणी चांगलं होतं. सकाळपासून तापलेलं डोकं कुठेतरी थंड करायला हवं होतं. मी पातळाचा काष्टा घातला, मंगळसूत्र काढून चपलेत ठेवलं, चप्पल काठावर नीट जोडून ठेवली आणि उतरले. विहिरीच्या एका अंगाला मोटेचा जुना कठडा पुढे आलेला होता. त्याच्या सावलीत पाठीवर पडून डोळे मिटून मी तरंगत राहिले. किती तरी महिन्यांनी मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

शेजारच्या वावरातली बाई पाणी न्यायला आली. तिने काय पाहिलं? नवी सून, सकाळचं भांडण अख्ख्या शेजाराने ऐकलेलं, काठावर जोडून ठेवलेली चप्पल, चपलेत मंगळसूत्र, आणि पाण्यावर कुणी नाही. तिने जी बोंब ठोकली, ती मला सावलीत ऐकू आली. पाठोपाठ धप्पकन आवाज झाला. मला वाटलं वासरू पडलं. पुढे येऊन बघते तर पाण्याच्या वर एक हात, आणि त्या हातात माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं घड्याळ.

मागून मानेला धरला आणि पायरीला आणून लावला. इथपर्यंत आलं की पाहुणे हसायला लागलेले असतात. मी म्हणते, "पोहता येत न्हाई हेच विसरले हे!" आणि नवरा मान खाली घालून म्हणतो, "घाईत ध्यानातच न्हाई राह्यलं." मग मी म्हणते, "घड्याळसुद्धा काढलं न्हाई." घड्याळ त्या दिवशी जे बंद पडलं ते पडलंच.

पाहुण्यांना मी एवढंच सांगते. पुढचं सांगत नाही.

गर्दी पांगली. सासूबाई नवऱ्याला आत बोलावून काहीतरी विचारत होत्या. मग मला बोलावलं, माझा ओला हात धरला आणि त्याच्या ओल्या डोक्यावर ठेवला. म्हणाल्या, "घे शपथ. पुन्हा पाण्यात उतरणार न्हाई म्हण. तू पाण्यात गेलीस की माझं लेकरू जाईल, ध्यानात ठेव." मी शपथ घेतली. दात खाऊन घेतली. या बाईला स्वतःच्या अब्रूची पडली आहे, सून विहिरीत गेली तर लोक सासूला बोल लावतील, म्हणून मुलाच्या जिवाची भीती घालते, असं मला तेव्हा वाटलं.

पुढे आमचं चांगलं जमलं. पोरगी झाली, मला शाळेत नोकरी लागली, तेव्हा घर त्यांनीच सांभाळलं. शेवटी शेवटी त्यांची वेणीफणी मीच करायचे. तेव्हा कितीदा जिभेवर आलं, की आता तेवढी शपथ सुटली म्हणा. आमच्याकडे ज्याने शपथ घातली त्यानेच "सुटली" म्हणायचं असतं, दुसऱ्या कुणाचं चालत नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे पोहण्याची परवानगी काय मागायची? राहून गेलं, आणि त्या गेल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. शपथेने कुणाचं काही होत नाही हे मी पोरांना फळ्यावर लिहून समजावलेलं आहे. पण नवऱ्याच्या छातीत कळ आली, त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट, म्हणजे बारीक जाळ्या, घालाव्या लागल्या, त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी काय आठवत होते? मागच्या उन्हाळ्यात माहेरी गेले होते तेव्हा नदीत पाय सोडून बसले होते. ते पाण्यात उतरणं धरायचं की नाही? गुडघ्यापर्यंतच होते मी. कुणाला सांगायची सोय नव्हती.

तो बरा झाला, हिंडूफिरू लागला, आणि मी निवृत्त झाले, तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने एकदम मालदीवचंच बुकिंग करून टाकलं. तिला विहिरीची गोष्ट तोंडपाठ होती. शपथ माहीत नव्हती. फोनवर म्हणाली, "आई, तिथे स्नॉर्कलिंग असतं. तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे मासे बघायचे. तू इतकं छान पोहतेस म्हणतात सगळे, मी एकदाही बघितलं नाहीये. व्हिडिओ पाठव." डॉक्टरांनाही तिने आधीच विचारून ठेवलं होतं. पप्पांना सगळं करू द्या म्हणाले होते ते.

नवरा चतुर्थीला राजूरच्या गणपतीला नारळ फोडून आला आणि बॅग भरायला बसला. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. त्याने मळ्यातल्या मोसंब्या घेतल्या. मुंबईच्या विमानतळावर त्याने त्या मोसंब्यांची पिशवी अशी मांडीवर धरली होती, की बघणाऱ्याला वाटावं आत सोनं आहे.

ते बेट म्हणजे आमच्या मळ्यापेक्षा थोडंसं मोठं. पांढरी वाळू, नारळीची झाडं, झाडांखाली खोल्या, आणि चहूकडे पाणीच पाणी. पहिल्या दिवशी नवरा काठावर उभा राहून बराच वेळ बघत राहिला. मग वाकून एक बोट बुडवलं, चाटलं, आणि म्हणाला, "एवढं पाणी, अन् एका झाडाच्या कामाचं न्हाई." समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र बेटाच्या मागच्या बाजूला होतं. ते त्याने दुसऱ्या दिवशी शोधून काढलं आणि तिथल्या बांगलादेशी कामगाराशी हिंदीत गप्पा मारत दुपारभर तिथेच बसला. परत आला तो हळहळत. "आपल्या जालन्याला समुद्र पायजे व्हता," म्हणाला. मी म्हटलं, "रिकामी हौस." आम्ही धपाटे खाल्ले.

मी मात्र पाण्यात पाय घातला नाही. पहिल्या दिवशी केस ओले होतील म्हटलं. दुसऱ्या दिवशी उन्हाचा बहाणा केला. मुलीने घोट्यापासून मनगटापर्यंत अंग झाकणारा काळा पोहण्याचा पोशाख घेऊन दिला होता. तो मी खोलीत दार लावून एकदा घालून पाहिला. नवऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "नुकत्याच कातरलेल्या मेंढीवाणी दिसून राह्यलीस." मी उशी फेकून मारली. पण तो पोशाख लगेच काढवेना. आरशासमोर उभी राहून मी उगीच हात मागेपुढे करून बघत होते. साठीला आलेले खांदे होते, अजून चालत होते, पण किती दिवस चालतील? मला पाण्यात जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, माझा जीव तुटत होता. रोज सकाळी मी त्या निळ्या पाण्याकडे बघायचे, मग त्याच्या डोक्याकडे बघायचे, टक्कल पडत चाललेल्या त्या डोक्याकडे, आणि खुर्ची आणखी मागे ओढून बसायचे.

तिसऱ्या दिवशी त्याने मला न विचारता ठरवून टाकलं. बेटाच्या एका टोकाला लाकडी धक्का होता, त्याच्या शेवटी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. तिथून पुढे प्रवाळाची बाग आणि तिच्या पलीकडे खोल समुद्र. तिथे पाहुण्यांना पाण्यात घेऊन जाणारी एक बाई होती, तिथलीच, माझ्यापेक्षा थोडी लहान, उन्हाने रापलेली, मोडकंतोडकं हिंदी बोलणारी. नवऱ्याने तिला सांगून ठेवलं होतं की माझी बायको चॅम्पियन आहे. मी पोशाखावर ओढणी गुंडाळून तिथवर गेले आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसकण मारली.

"आता कामून बसलीस? चल ना जल्दी."

"मला न्हाई जायचं. तुम्हाला म्हाईत हाय कामून ते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला आठवलं. "ते? आई जाऊन किती वरसं झाली! अन् तू अजून धरून बसलीस?"

"त्यांनी घातली, त्यांनीच सोडायला पायजे व्हती. आता कोण सोडणार?"

"डोकं कुणाचं व्हतं?"

"तुमचं."

"मंग? सातबारा माझ्या नावावर हाय या डोक्याचा. मी म्हणतो सुटली."

"तसं न्हाई चालत." मला हसू आलं, आणि हसता हसताच रडू यायला लागलं. "हसू नका. छातीत दोन जाळ्या बसवून आणल्यात तुमच्या. मी पाण्यात गेले अन् तुम्हाला काही झालं तर मी काय करू? कुणाच्या तोंडाकडं बघू?"

तो माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "बरं. मंग असं करू. डोकं संगं घेऊन चल. मी बी येतो पाण्यात. तुझ्या नजरेसमोर राहील ते, मंग काय हुईल?"

हे एवढं सोपं उत्तर त्यालाच सुचणार. त्या बाईने आम्हा दोघांना डोळ्यांवर लावायचे काचेचे मास्क आणि नळ्या दिल्या, त्याला नारंगी जाकीट घातलं, पट्टे आवळले, तोंडात नळी कशी धरायची ते दाखवलं, आणि हातात एक फुगीर कडं दिलं. पायऱ्यांना धरून उभं राहायचं, खोलात यायचं नाही, असं मी त्याला शाळेतल्या आवाजात बजावलं. मग उठले. ओढणी सोडली. हात आपसूक मानेमागे गेला, मंगळसूत्र काढलं, आणि वाकून चपलेत ठेवायला लागले.

"तिथं न्हाई," तो म्हणाला.

आवाज निराळाच होता. मी वर पाहिलं तर त्याचा चेहरा उतरलेला. त्याने हात पुढे केला, माझ्या हातातून मंगळसूत्र घेतलं आणि सरळ स्वतःच्या गळ्यात घालून जाकिटाच्या आत सारलं. ती बाई तोंडावर हात ठेवून हसली. मीही हसले. त्याने चपला उचलल्या आणि एक इकडे, एक तिकडे अशा टाकून दिल्या.

मी उतरले.

पाणी कोमट होतं. अंगाला लागलं तसे हातपाय आपोआप चालायला लागले, जणू मधे काही गेलंच नव्हतं. पण डोकं वरच. ती बाई खुणेने सांगत होती, तोंड पाण्यात घाला. मला ते जमेना. डोहाचं पाणी मातकट असायचं, विहिरीचं काळं, आपल्या खाली काय आहे ते आम्ही जन्मात कधी पाहिलं नव्हतं, म्हणून कधी भ्यायलोही नव्हतो. शेवटी दम धरून तोंड घातलं, डोळे उघडले, आणि दचकून पायरी पकडली. तळ दिसत होता! दोन पुरुष खोल, लख्ख. गच्चीच्या कठड्यावरून वाकून बघितल्यासारखं झालं, आता पडते की काय. पडले नाही. मग हळूहळू कळलं की पाणी धरून ठेवतं, दिसलं तरी धरून ठेवतं. नळीतून श्वास घेतला, सोडला. पायरी सोडली.

मग मासे दिसले. पिवळे, निळे, चट्टेपट्टे असलेले. त्यांचे कळप होते, खरे कळप, एक वळला की सगळे वळणारे. मी सवयीने हात लांब करून त्यांना एका बाजूला घातलं आणि ते गेले. मला इतका आनंद झाला की नळीत हसले आणि खारं पाणी प्याले. आणि तिथे एक आवाज येत होता, कुरूम कुरूम. पोपटी रंगाचे, गलेलठ्ठ मासे प्रवाळ कुरतडून खात होते. कापणी झालेल्या वावरात बसवलेली मेंढरं धसकटं खातात ना, अगदी तो आवाज. आजोबा रात्री कळपाची राखण करायचे, त्या जागलीत तो ऐकत मी झोपायचे. समुद्राच्या पोटात, इतक्या लांब, तो आवाज ऐकून माझे डोळे भरून आले. मी त्या आवाजामागे गेले. प्रवाळ संपला, खालचा तळ एकदम नाहीसा झाला आणि नुसतं निळं उरलं, त्याच्यावरही मी तरंगत गेले. भीती वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मान वळवून मागे बघायचं विसरले.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग ती जुनी सवय जागी झाली. मागं कुणी राहिलं तर नाही ना? मी डोकं वर काढलं आणि वळून पाहिलं. धक्का लांब राहिला होता. पायऱ्या रिकाम्या होत्या. फुगीर कडं एकटंच पाण्यावर डोलत होतं.

तू पाण्यात गेलीस की माझं लेकरू जाईल. सासूबाईंचा आवाज अगदी कानाशी आला.

मग नारंगी रंग दिसला. पायऱ्या सोडून तो अर्ध्या वाटेवर आला होता. नळी तोंडातून सुटलेली, दोन्ही हात पाण्यावर आपटत, पाणी उडवत, माझ्या दिशेने. जाकिटाने तो वर राहिला होता आणि ती बाई शेजारून शांतपणे पोहत होती, त्याच्या जाकिटाचा पट्टा तिच्या मुठीत होता. त्याला काहीही होणार नव्हतं. पण ते मला नंतर उमगलं. मला दिसला तो विहिरीतला हात. मी अशी पोहले, अशी पोहले, की दोन दिवस खांदे दुखत होते. जवळ गेले, वळसा घातला, आणि मागून मानेला धरलं.

"काय करून राह्यले तुम्ही? पायरीला थांबा म्हटलं व्हतं ना?"

"तू दिसंना," तो धापा टाकत म्हणाला. "डोकंच दिसंना वर. हाका मारून राह्यलो, तर ऐकू बी येईना तुला. खाली गेलीस वाटलं."

तोंड पाण्यात घालून पोहणारी बाई त्याने कधी पाहिली नव्हती. त्याच्या ओळखीचं माझं डोकं कायम पाण्याच्या वर असायचं.

"अन् म्हणून निघाले? पोहता येत न्हाई, ते पुन्हा विसरले का तुम्ही?"

तो खोकला. खारं पाणी थुंकला. मग म्हणाला, "विसरलो न्हाई. तवा बी विसरलो नव्हतो."

"तवा म्हंजी?"

"विहिरीत. चप्पल दिसली. चपलेत हे दिसलं." त्याने जाकिटावरून गळ्याशी हात नेला. "पोहता येत न्हाई ते मला बराबर म्हाईत व्हतं. घड्याळ काढायचं तेवढं विसरलो."

लाटेने आम्ही दोघंही वर झालो, खाली झालो. मी त्याची मान सोडली नव्हती.

"मंग उडी कामून टाकली?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की या बाईला एवढंही कळू नये. म्हणाला, "तू खाली व्हतीस ना."

तो पुढे म्हणाला, "आईनं इचारलं व्हतं त्याच दिवशी, आत बोलवून. तिला खरं सांगितलं व्हतं म्या."

म्हणजे सासूबाईंना माहीत होतं. त्यांनी मुलाला विचारलं, त्याने सांगितलं, आणि मग त्यांनी माझा हात धरून त्याच्या डोक्यावर ठेवला. ना अब्रूची भीती होती, ना शपथेचा धाक. ही पाण्यात गेली की माझा पोरगा मागे जाणार, आणि त्याला पोहता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या मला सांगत होत्या. मी त्यांच्यावर किती वर्षं मनातून रुसून होते. मास्क डोळ्यांवर असल्यामुळे रडलेलं पाणी आतच साचलं आणि मला समोरचं काही दिसेनासं झालं. माझं त्या माणसावर फार प्रेम आहे. हे मी त्याला तिथे पाण्यात म्हटलंही, आमच्या भाषेत, म्हणजे "एवढे येडे कसे हो तुम्ही" असं म्हटलं.

त्या बाईने विचारलं, झगडा खतम? मी म्हटलं, खतम. मग मी त्याला नळी नीट लावून दिली, एका हाताने त्याचं जाकीट धरलं आणि त्याला त्या आवाजापाशी नेलं. त्याने तोंड पाण्यात घातलं. थोड्या वेळाने वर काढलं आणि म्हणाला, "मेंढरं!" त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं त्या कळपावरून इकडून तिकडे फिरत राहिलो. व्हिडिओ काढायचं कुणालाच सुचलं नाही. मुलगी त्याबद्दल अजून बोलते.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते नवऱ्याला आमच्या विहिरीत उतरवण्याचं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि पायरीवरून ढकलला. शपथ सोडवायचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता. त्याला पोहता आलं की सासूबाईंची काळजीच मिटली. शेजारच्या वावरातली ती बाई आता म्हातारी झाली आहे, ती काठावर बसून आम्हाला बघते आणि कपाळावर हात मारून घेते. आता काठावर आमच्या दोघांच्या चपला असतात. मंगळसूत्र त्याच्या गळ्यात असतं, चपलेत ठेवलेलं त्याला चालत नाही.

मागच्या आठवड्यात माझे भाऊ-भावजय आले होते. जेवणं झाली, आणि भाऊ म्हणाला, ती विहिरीची गोष्ट होऊन जाऊ दे. मी सुरू केलं. उतू गेलेलं दूध सांगितलं, चप्पल सांगितली, धप्पकन आवाज सांगितला. आणि त्या वाक्यापाशी येऊन अडकले. पोहता येत नाही हेच विसरले हे, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघेना. सगळे माझ्याकडे बघत होते.

नवरा मोसंबी सोलत होता. त्याने मानही वर केली नाही. म्हणाला, "घाईत ध्यानातच न्हाई राह्यलं."

सगळे हसले. त्याने मोसंबीची पहिली फोड माझ्या हातावर ठेवली.